अण्णांचे उपास

किसनअण्णांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चांगलं म्हणायला लागलो, तर एका ठिकाणी येऊन ती आपोआप अडते. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी आजवर पहिलाच अर्धा भाग सांगत आलोय, कारण तो सांगायला सोपा आहे आणि ऐकणाऱ्यालाही आवडतो. आज पुढचंही सांगतो.

वसमतजवळ रस्त्याला लागून आमचं वर्कशॉप. हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ढोल तिथं बनतात. पुढच्या खोलीत मी बसायचो. बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट विकायचे आणि कुकरच्या ऑर्डरी घ्यायच्या, हे माझं काम. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचं राज्य होतं. मालक नावाचे मालक; शेडमध्ये शिरताना तेही जरा खाकरूनच शिरायचे.

अण्णा काटकुळे, उंच. डावी भुवई अर्धी जळालेली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या पांढऱ्या टोपीची चाळण झालेली असायची. दर दिवाळीला आम्ही वर्गणी काढून नवी टोपी घेऊन द्यायचो, तर म्हणायचे, "भोकं पडल्याबिगर टोपी माझी वाटत न्हाई रे." जोड पुरा झाला की पान्ह्यानं त्यावर ठोकायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि मनासारखा आला तर एकच शब्द बोलायचे, "बराबर." त्या एका शब्दासाठी तिथली पोरं दिवसभर राबायची. मनासारखा नाही आला तर मात्र तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार. "काहून रे, सासुरवाडीचा कुकर हाय का हा? गळला तर चालतंय?"

एकदा सिद्धेश्वरकडच्या एका गावातून फोन आला. ऐन हंगामात एका शेतकऱ्याच्या कुकरचा हळद शिजवायचा ढोल जोडापाशी उलला होता आणि बाजूला काढलेल्या हळदीचा ढीग पडून होता. अण्णांच्या अंगात ताप. मी म्हणालो, उद्या जाऊ. "उद्या त्याची हळद तुझ्या दारात आणून टाकू का?" म्हणत ते माझ्या मोटारसायकलवर मागं येऊन बसलेसुद्धा. तिथं पोहोचलो तर लाइट गेलेली. अण्णा बांधावर बाभळीखाली टॉवेल टाकून पडून राहिले. लाइट आल्यावर उठले, जोड मारला. घरधनीण ताट वाढून आली तर हात जोडले, "आधी हळद शिजू द्या माय, मग मी." पहिला ढोल उतरला तेव्हा त्यातलं एक हळकुंड घेऊन त्यात काडी खुपसून पाहिली. काडी आरपार गेली. मग जेवले, आणि असे जेवले की त्या बाईला पुन्हा तवा ठेवावा लागला. परतताना ते माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपले होते आणि शर्टातून त्यांचा ताप मला लागत होता.

लेथ मशीनवर सलीमभाई होते. त्यांची आणि अण्णांची जोडी म्हणजे शेडची शान. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची पहिली वाटी अण्णांची. सलीमभाईंच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा अण्णा कुणी न सांगता दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आले आणि तसेच कामावर उभे राहिले. आम्ही बाहेर अभिमानानं सांगायचो, आमच्याकडे जातपात नाही, धर्म नाही, शेडमध्ये फक्त लोखंड. हे वाक्य मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. मला ते फार आवडायचं.

जेवणाचीही एक रीत होती. दुपारी सगळे डबे मध्ये मांडायचे आणि प्रत्येक डब्यातला पहिला घास अण्णांचा. त्यांनी घास घेऊन "हं, चला" म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुणाच्या घरी भांडण झालंय हे अण्णा भाजीच्या मिठावरून ओळखायचे. एकदा माझ्या डब्यातला घास घेऊन म्हणाले, "दिगू, आज बायकोची माफी माग." मागितली. खरंच गरज होती.

सुनंदा आली ती अशा ठिकाणी. हंगाम तोंडावर आला होता, दोन वेल्डर पुण्याला निघून गेले होते आणि मालकांची झोप उडाली होती. तेवढ्यात कुरुंद्याकडची ही मुलगी आयटीआयचं वेल्डिंग करून काम मागायला आली. लहान लेकराला आईकडे ठेवून रोज एसटीनं येणार होती. मालकांनी अडला हरी म्हणून ठेवून घेतली. पहिल्या दिवशी कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "बाई, काय व्हायचं तुला हितं?" तिनं ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "मिस्त्री." सगळे हसले. मीही हसलो. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

दुपारी तिनं आपला डबा आणून मध्ये ठेवला. तिला कुणी रीत सांगितली होती, ती पाळली. मेथीची भाजी होती. अण्णांनी सगळ्यांच्या डब्यांवरून नजर फिरवली आणि पोटावर हात ठेवला. "माय, आज माझा उपास हाय." दुसऱ्या दिवशी गुरुवार निघाला. मग चतुर्थी. मग म्हणे नरसीला नामदेवापुढं काही बोलले होते, ते फेडायचं होतं. अण्णा बाहेर कडुलिंबाखाली बसून केळी खायचे आणि आम्ही आत चेष्टा करायचो, की अण्णा आता विमानात बसूनच वर जाणार. सुनंदाही हसायची. एकदा तर तिनं त्यांच्यासाठी घरून भगर करून आणली. अण्णांनी डबा हातात घेतला, "ठेवतो, मागून खातो" म्हणाले आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला खिडकीत होता. तिनं तो पिशवीत टाकला.

मग एके दिवशी तिचं लेकरू आजारी पडलं आणि ती आली नाही. त्या दुपारी अण्णा आत येऊन बसले, डबे उघडायला लावले आणि प्रत्येकातला घास घेतला. "लई दिवसांनी तोंडाला चव आली," म्हणाले. कुणाच्याही हातून चटकन घास उचलला गेला नाही. सुनंदा बौद्ध समाजातली आहे हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अण्णा आमच्यापैकी बहुतेकांसारखे शेतकरी घरातले. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच, फक्त आम्ही ते उपासाच्या नावाखाली झाकून ठेवलं होतं आणि वर हसत होतो.

सलीमभाई हात धुताना माझ्याशी हळूच बोलले, "दिगूभाऊ, माझ्याबराबर जेवायलाबी त्याला लई साल लागले. तवा तू न्हवता. आदमी बुरा नहीं है." मग नळ बंद करून म्हणाले, "पर उस लडकी के पास उतने साल कहाँ है."

सुनंदाला कुणी काय सांगितलं की तिचं तिनंच ओळखलं, ठाऊक नाही. परत आली त्या दिवसापासून ती डबा घेऊन पाण्याच्या टाकीजवळ एकटी बसायला लागली. अण्णांचे उपास त्याच दिवशी सुटले. तिला आत बोलवायला आमच्यातलं कुणीही उठलं नाही, कारण उठलं असतं तर अण्णा उपाशी राहिले असते आणि ते आम्हाला बघवलं नसतं. असं आम्ही स्वतःला सांगायचो.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की अण्णा तिचा दुस्वास करायचे. तसं नव्हतं, आणि हेच मला उलगडत नाही. ते तिला माय म्हणायचे. एसटी चुकेल म्हणून वेळेआधी सोडायचे. फक्त वेल्डिंग द्यायचे नाहीत. तारेचा ब्रश हातात देऊन म्हणायचे, "जोड घासून काढ. बाईमाणसानं आगीपाशी जाऊ न्हये."

ती म्हणाली, "चुलीपाशी मग कोण असतंय अण्णा?"

शेडमध्ये हशा पिकला. अण्णांनाही हसू आवरेना. "जबान लई चालती हिची," म्हणाले, "हात चालतो का बघू," आणि भंगारातल्या दोन पट्ट्या पुढे टाकल्या. तिनं जोडल्या. अण्णांनी पान्ह्यानं ठोकलं, मान तिरकी केली, "बराबर" काही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आणखी दोन पट्ट्या दिल्या. मग नळ्या. मग झाकणांच्या कड्या. तिच्या मागं उभं राहून वेल्डिंगची कांडी कशी चालवायची ते शिकवायचे, "कांडी दाबू नको, चालू दे तिला. घाई लग्नाला ठीक हाय, लोखंडाला न्हाई." शिकवताना तिचा हात मात्र कधी धरायचे नाहीत. आमच्या पोरांचा हात ते मनगटाला धरून फिरवायचे, तिला लांबून काठीनं दाखवायचे.

त्यातच अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन हंगाम संपल्यावर करू म्हणत राहिले, पण बारीक जोड त्यांना दिसेना. एका मोठ्या घराण्याचा कुकर तयार होत होता, चार ढोलांचा. त्याचा शेवटचा जोड अण्णांनी सुनंदाला दिला. आम्ही सगळे कामं सोडून बघत उभे. तिनं जोड पुरा केला, तोंडावरचा मास्क वर केला. अण्णांनी ठोकून पाहिलं, एकदा, पुन्हा एकदा.

"बराबर," म्हणाले.

पोरीचे डोळे भरून आले. तिनं मास्क परत खाली ओढून घेतला, कुणाला दिसू नये म्हणून. सलीमभाईंनी लेथवरूनच ओरडून "सुनंदा मिस्त्री" म्हटलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला आमच्या शेडचा जो अभिमान वाटला, तो आठवला की आता अंग चोरावंसं वाटतं.

आमच्याकडे एक रीत होती, अण्णांनीच पाडलेली. कुकर न्यायला गिऱ्हाईक आलं की ज्यानं शेवटचा जोड मारला त्यानं ढोलावर नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. कालच्या पोराचा जोड असला तरी तोच फोडणार, मालकही नाही. "ज्याचा हात त्याचा नारळ," अण्णा म्हणायचे.

गिऱ्हाईक आलं. ट्रॅक्टर, मागं जीप, घरातली चार माणसं आणि खुर्चीवर बसवलेले त्यांचे म्हातारे. हळद-कुंकू लावून झालं. सुनंदा हात धुऊन आली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि ताटातला नारळ उचलला. म्हातारे मालकांकडे वळून सहज विचारावं तसे म्हणाले, "ही कुणाची पोरगी? कुठली?"

तेवढंच विचारलं होतं. नको म्हणाले नव्हते. मालकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "ठेव ते."

"काहून अण्णा? जोड मी मारला ना."

"ठेव म्हणलं ना."

"रीत तुमीच सांगितली," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होती.

अण्णांनी तिच्या कानशिलात मारली. पुन्हा हात उचलला आणि दुसरी मारली. लोखंड उचलणारा हात तो. ती ढोलावर आदळली, ओठ फुटला. नारळ सुटून ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेला.

शेडमध्ये जवळजवळ पंधरा माणसं होती. सलीमभाईंनी लेथ चालू केला. त्यावर काहीच काम लावलेलं नव्हतं. तो नुसता मोकळा फिरत राहिला, मोठा आवाज करत. मालकांनी चाकाखालून नारळ काढला, पुसला आणि स्वतः फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून वाटणं हे नेहमी माझं काम. मी ते केलं. चाकू घेतला, तुकडे केले, साखर मिसळली, आधी म्हाताऱ्यांना दिलं, मग घरातल्यांना, मग पोरांना. ताट घेऊन फिरत फिरत मी सुनंदापर्यंत पोहोचलो. ती टाकीला टेकून ओढणीनं तोंड दाबून उभी होती. मी ताट तिच्यापुढेही धरलं. सवयीनं म्हणा, नाहीतर माझ्या डोक्यात काही शिल्लकच नव्हतं म्हणा. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते कसं पाहिलं हे मला लिहिता येणार नाही. मी पुढे गेलो, आणि उरलेला तुकडा स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊन आली. भाऊ पोलिसांत जायचं म्हणत होता. मालकांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, काय झालं सांगा. पहिला म्हणाला, गर्दीत हात लागला असेल. दुसराही म्हणाला, हात लागला. सलीमभाई खाली बघत म्हणाले, "मशीन चालू था, मेरेकू कुछ सुना नहीं." त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी तोंड उघडलं असतं तर गावात त्याला हिंदू-मुसलमानाचं वळण लागलं असतं. मला मात्र तसली कसलीच भीती नव्हती. मी अण्णांच्याच जातीतला, त्यांच्याच भावकीतला म्हणावा असा.

"दिगूभाऊ," सुनंदा म्हणाली, "तुमी तर समोर व्हते."

"मी ताट घ्यायला वळलो होतो," मी म्हणालो.

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. एकाही साक्षीदाराशिवाय चौकीत काय होतं, ते दोघांनाही माहीत असणार. मालकांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "जाऊ दे गं सुनंदा. अण्णा वडलाच्या ठिकाणी. बापानं मारलं समज आन् कामाला लाग."

ती म्हणाली, "माझा बाप मेला मालक. पण त्यानं मला कधी बोटबी लावलं न्हाई." मग शेडमध्ये गेली, आपले हातमोजे घेतले आणि भावाबरोबर निघून गेली. पुढं ती कुठं काम करते, करते की नाही, आमच्यापैकी कुणीही जाऊन पाहिलं नाही. कुरुंदा काही लांब नाही.

त्या बैठकीला अण्णा नव्हते. चार दिवस ते कामाला आले नाहीत. आले तेव्हा माझ्याशेजारी काउंटरच्या आत येऊन बसले, कधी बसायचे नाहीत तिथं. "गिऱ्हाईक परत गेलं असतं रे," म्हणाले. मी नट-बोल्ट मोजत राहिलो. मग म्हणाले, "जोड मीच दिला ना तिला? दिला का न्हाई? दुसऱ्या कुण्या मिस्त्रीनं दिला असता?" खरंच होतं ते. काम द्यायला त्यांचा हात कधी आखडला नव्हता. मान द्यायची वेळ आली तेव्हा तो उगारला गेला. मी तेव्हाच हे म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा सांगू का अण्णा?"

नंतर हळूहळू सगळं पूर्ववत झालं. अण्णा पुन्हा शिव्या द्यायला लागले, आम्ही पुन्हा हसायला लागलो. मला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या हसण्याची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही, आणि अण्णांनी काम सोडलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला, प्राजूला, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन आम्ही दोघं अण्णांच्या गावी गेलो. ओसरीवर बाजेवर बसले होते, जाड भिंगाचा चष्मा लावून. मला आवाजावरून ओळखलं. प्राजूला कशाला प्रवेश मिळाला ते ऐकून एकदम ताठ बसले.

"वेल्डिंग शिकवत्यात का तिथं? शीक. पोरीचा हात बारीक असतो, जोड लई सुंदर येतो. आमच्या हाताखाली व्हती एक पोरगी. काय जोड मारायची! मीच शिकवली तिला."

"हो?" प्राजू पुढं सरकली. "कुठं असतात त्या आता?"

अण्णांनी चष्मा सरळ केला. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि ते माझ्या तोंडून काय येतं याची वाट बघत होते, त्या जाड काचांमागचं मला कळलं नाही.

"काहून गेली रे ती सोडून?" त्यांनी विचारलं.

प्राजूही माझ्याकडेच बघत होती.

"घरची अडचण होती तिची," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा उशीला टेकले. "बायकायचं असंच असतंय. तू नको सोडू बरं का लेकरा, मधीच."

त्यांनी प्राजूच्या दिशेनं हात उचलला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो हात तिच्या डोक्यावर होता आणि ती त्यांच्या पायांशी वाकली होती. पाया पड म्हणून मीच तिला घरून सांगून आणलं होतं.